हापसा आणि शाळा: मिशनच्या सेवाकार्याला मदत करायची असेल तर

गावच्या हापशाचा जन्म कुठे झाला हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मराठवाड्यात आणि नगर-सोलापूर भागात बोअर खोदले जाऊ लागले, तेव्हा त्यांच्यावर बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, हातपंप बसवले जात. मूळचा नमुना परदेशातल्या एका घराच्या अंगणासाठी केलेला. आपल्याकडे त्यावर पहाटे चारपासून अख्खी वस्ती हापसायची. दांड्याची खीळ झिजायची, बीड तडकायचं आणि पंप पडून राहायचा. १९७० च्या दशकाच्या मध्यात युनिसेफने पाहणी केली तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश हापसे बंद आढळले. जालना, वडाळा आणि सोलापूर इथे ख्रिस्ती मिशनच्या कामातल्या माणसांनी आणि त्यांच्याबरोबरच्या देशी मिस्त्र्यांनी बीड सोडून पोलाद घेतलं आणि पंप नव्याने घडवले. त्यातला सोलापूरचा पंप समोर ठेवून युनिसेफने आणि रिचर्डसन अँड क्रुडासच्या मद्रासच्या कारखान्याने 'इंडिया मार्क-२' तयार केला. त्याचं पेटंट कुणी घेतलं नाही. आज आफ्रिकेतल्या खेड्यांतही तोच पंप दिसतो.

ही गोष्ट आधी सांगण्याचं कारण आहे. त्या लोकांनी नवा बोअर पाडण्यावर समाधान मानलं नाही, मोडलेला पंप का मोडला हे शोधलं. मिशनच्या शाळेला किंवा पाण्याच्या कामाला मदत करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: तुमचा पैसा खोदण्यात किती गेला यापेक्षा चालू ठेवण्यात किती जाणार आहे, ते आधी विचारा. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, महिला संघाचा हिशेब मी बरीच वर्षं सांभाळते आहे. त्यात जे शिकले ते खाली क्रमाने लिहिते. तुम्ही ख्रिस्ती असा वा नसा, पद्धत तीच आहे.

पहिली पायरी: शाळा आणि पाणी वेगळं मोजू नका

देणगीदार साधारण दोन प्रकारचे असतात. एकाला मुलींचं शिक्षण जवळचं वाटतं, दुसऱ्याला पाणी. गावात मात्र हे दोन प्रश्न एकाच मुलीच्या डोक्यावर असतात, आणि उन्हाळ्यात ते हंड्याच्या रूपाने अक्षरशः डोक्यावर येतात. फेब्रुवारीनंतर ज्या वस्तीत टँकर येतो तिथे पाचवी-सहावीच्या मुलींची हजेरी पाहा. हजेरीपट कुणीही दाखवतं. तो पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी ठेवला की मदत कुठे लागते ते कळतं.

आपल्याकडच्या मिशनच्या कामात हा धागा जुना आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ साली त्यांनी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणं केलं. याच मिशनच्या सिंथिया फरार १८२७ साली मुंबईत उतरल्या आणि पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. सावित्रीबाई फुल्यांचं अध्यापनाचं प्रशिक्षण त्यांच्याकडे झालं. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून शिकलेले. दवाखाना काढायला आले, तर गावांनी आधी पाणी आणि अन्न मागितलं. बोअरची जागा ठरवताना त्यांनी दलित वस्तीचा आग्रह धरला. पाणी हवं असेल तर सगळ्या गावाला तिथे यावं लागे. भाषणाने जे झालं नसतं ते हापशाने केलं. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्या पुरस्काराइतकंच महत्त्व त्या जागेच्या निवडीचं वाटतं. म्हणून देणगी देताना माझा एक प्रश्न ठरलेला असतो: बोअर नेमका कुणाच्या दारात होणार आहे?

दुसरी पायरी: संस्थेचे कागद

श्रद्धेच्या कामात कागद मागणं बऱ्याच जणांना अवघड वाटतं. फादर, सिस्टर किंवा पाळकसाहेबांवर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. तसं अजिबात नाही. चांगली संस्था कागद न मागता पुढे करते.

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासाची नोंद १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे असते. नोंदणी क्रमांक, विश्वस्तांची नावं आणि शेवटच्या दोन-तीन वर्षांचा लेखापरीक्षण अहवाल मागा. अहवालात मी तीन ओळी आधी पाहते: पगार आणि कार्यालय, प्रत्यक्ष कार्यक्रम, आणि देखभाल-दुरुस्ती. तिसऱ्या ओळीत शून्य असेल तर मी फोन करते.

करसवलत हवी असेल तर एक फरक लक्षात घ्या. रविवारी मंडळीच्या दानपेटीत टाकलेलं अर्पण देणगीवरच्या प्राप्तिकर सवलतीत (८०-जी) बसत नाही. एका विशिष्ट धर्मसमाजापुरत्या न्यासाला ती मान्यता मिळत नाही. सर्वांसाठी शाळा, वसतिगृह किंवा पाणलोटाचं काम करणाऱ्या वेगळ्या नोंदणीकृत संस्थेला ती असू शकते. दोन हजार रुपयांवरची रोख देणगी सवलतीला धरत नाहीत, वस्तूरूपाने दिलेलं धरत नाहीत, आणि नव्या करपद्धतीत गेलेल्यांना ही सवलत मिळतच नाही. चेक किंवा यूपीआयने द्या, पॅन क्रमांक कळवा, आणि आर्थिक वर्ष संपल्यावर संस्थेकडून प्रमाणपत्र न विसरता मागून घ्या.

परदेशातल्या मराठी माणसांसाठी नियम आणखी कडक आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने पाठवलेले पैसे परकीय देणगी समजले जात नाहीत. मात्र अमेरिकेचं किंवा इंग्लंडचं नागरिकत्व घेतलं असेल, जवळ ओसीआय कार्ड असलं तरीही, तुमची देणगी परकीय ठरते. ती घ्यायला संस्थेकडे परकीय देणगी नियमन कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात. त्याच दुरुस्तीने दोन गोष्टी बदलल्या. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेने परकीय निधी दुसरीकडे वळवणं बंद झालं. पूर्वी मोठी संस्था पैसे घेऊन गावच्या लहान संस्थेला देत असे. ते आता चालत नाही. "आमच्याकडे पाठवा, आम्ही पोचवतो" असं कुणी म्हणालं तर थांबा. लहान संस्थेचं हित जपायचं असेल तर तिला कायद्याच्या अडचणीत न टाकणं हाच पहिला उपकार.

तिसरी पायरी: अट नाही, हे लेखी हवं

मिशनच्या सेवाकार्याबद्दल लोकांच्या मनात एक प्रश्न असतो, आणि तो टाळून हा लेख पुरा होणार नाही. पाणी किंवा शाळेतली जागा धर्म पाहून मिळते का? रेडक्रॉस चळवळीने आणि मदतसंस्थांनी मिळून १९९४ साली आचारसंहिता केली. तिच्यात स्पष्ट आहे की मदत धर्म, वंश, राष्ट्रीयत्व न पाहता गरजेनुसारच द्यायची, आणि राजकीय वा धार्मिक मत पुढे नेण्यासाठी ती वापरायची नाही. ज्या संस्थेला मदत करताय तिच्याकडून हीच भूमिका लेखी घ्या. सेवा करणाऱ्याची प्रेरणा येशूची असेल, हे लपवायचं कारण नाही. पण तहानलेल्याला अट घातली की ती सेवा राहत नाही, असं मी मनापासून मानते. बायबलमध्ये याकोबाच्या विहिरीवर येशूने शोमरोनी बाईकडे स्वतः पाणी मागितलं होतं. ज्या हातचं पाणी लोक घेत नसत, त्या हातचं.

व्यवहारात हे तपासायचं तर वसतिगृहाची प्रवेशयादी, शिष्यवृत्तीचे निकष आणि पाणी समितीची नावं पाहा. समितीत सगळ्या वस्त्यांची माणसं आहेत का, बायका सहीपुरत्या आहेत की बोलतात, हे एका बैठकीला बसलं की समजतं.

चौथी पायरी: पाणी

इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण सर्वांत जास्त पैसा इथेच वाया जातो.

आमच्या मंडळीने एकदा उपकारस्तुतीच्या सणाचं सगळं दानार्पण एका वसतिगृहाच्या बोअरसाठी दिलं. पाणाड्याने हातावर नारळ धरून जागा दाखवली, गाडी आली, पाणी लागलं. आम्ही दिवाळीच्या सुमारास जाऊन प्रार्थना केली, फोटो काढले. तिसऱ्या उन्हाळ्यात मुलं पुन्हा कळशा घेऊन रस्त्यावर. बोअर आटला होता, मोटर जळाली होती आणि दुरुस्तीसाठी कुणाच्याच हिशेबात पैसे नव्हते. दोष त्या वसतिगृहाचा नव्हता. आम्ही विचारलंच नव्हतं.

आपला बहुतेक प्रदेश काळ्या कातळाचा. या खडकात पाणी सगळीकडे सारखं साठत नाही. ते वरच्या मुरमात, सच्छिद्र मांजऱ्या थरात आणि भेगांत असतं. दोन बोअर वीस पावलांवर असले तरी एकाला पाणी लागतं आणि दुसऱ्यातून नुसता धुरळा उडतो. म्हणून क्रम असा ठेवा.

आधी जुनी विहीर बघा. मिशन कंपाउंडमध्ये, जुन्या बोर्डिंगच्या मागे बहुधा एक बांधीव विहीर किंवा आड असतो. गाळाने आणि कचऱ्याने भरलेला. गाळ काढणं, कठडा बांधणं, वर जाळी टाकणं आणि छपरावरचं पावसाचं पाणी गाळून तिच्यात सोडणं, हे बऱ्याचदा नव्या बोअरपेक्षा स्वस्त पडतं आणि जास्त टिकतं.

बोअरच लागणार असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा किंवा भूजलतज्ज्ञाकडून सर्वेक्षण करून घ्या. जवळ गावाचा सार्वजनिक पिण्याच्या पाण्याचा स्रोत असेल तर अंतराचे नियम आहेत. ग्रामपंचायतीला विचारल्याशिवाय गाडी बोलावू नका. आणि पाण्याची खरी परीक्षा मे महिन्यात होते. ऑक्टोबरमध्ये भरलेला बोअर पाहून कुणी समाधान मानू नये.

मग पाणलोट. बोअर म्हणजे जमिनीच्या खात्यातून काढलेली रक्कम. भरणा कोण करणार? स्विस जेझुइट फादर हर्मन बाकर यांनी नगर भागात हा प्रश्न आयुष्यभर लावून धरला. त्यांच्या पुढाकारातून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला आणि १९९३ साली 'वॉटर' (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) ही संस्था निघाली. गावाला पैसा मिळण्याआधी श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मान्य करावी लागे. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारखं गाव या कामातून टँकरच्या वाटेवरून मागे फिरलं. शाळेच्या आवारापुरतं बोलायचं तर शोषखड्डा, बांध आणि छपराचं पाणी एवढं तरी प्रस्तावात असायलाच हवं.

पंपाची निवड करताना हापशाला कमी समजू नका. वीज नसली तरी तो चालतो. मार्क-२ चा एक तोटा आहे: आतलं वॉशर बदलायला सगळे पाइप उपसावे लागतात, त्यासाठी तिकाटणं आणि चार माणसं लागतात. मार्क-३ मध्ये पाइप रुंद असल्याने पाइप न काढता दट्ट्या वर ओढता येतो. जिथे मिस्त्री लांबून येतो तिथे हा फरक पैशाहून मोठा. ओटा पक्का हवा, सांडपाण्याला चर आणि पुढे शोषखड्डा हवा. नाहीतर ओट्याभोवतीचा चिखलच बोअरमध्ये झिरपतो.

आता पाण्याची तपासणी. स्वच्छ दिसतं म्हणजे स्वच्छ नव्हे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवतात. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर नको. ई-कोलाय १०० मिलिलिटरमध्ये अजिबात नको. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत फ्लोराइडने मुलांचे दात डागाळलेले आणि थोरांची हाडं वाकलेली दिसतात. हे पाणी उकळून सुधारत नाही, उलट घट्ट होतं. म्हणून आधी जिल्हा प्रयोगशाळेचा अहवाल, मग फिल्टरचं दान. जंतूंचा प्रश्न असेल तर साधी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पुरते: हजार लिटरला सुमारे ५ ग्रॅम, अर्धा तास थांबायचं, मग ओटी टेस्टने, म्हणजे पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून, क्लोरीन उरलाय का पाहायचं. पोतं उघडं ठेवलं की पावडरीतला क्लोरीन उडून जातो, म्हणून झाकणाचा डबाही देणगीत धरा. आरओ यंत्र देण्याची सगळ्यांना हौस असते. ते बरंच पाणी वाया घालवतं आणि दर वर्षी पैसे मागतं. ज्या पाण्याला त्याची गरज नाही तिथे ते देऊ नका.

आमचा नियम आता असा आहे: पाण्यासाठी जमा झालेल्या दर चार रुपयांतला एक रुपया त्याच कामाच्या दुरुस्तीसाठी समितीच्या खात्यात मुदत ठेवीत जातो. शाळा आणि गाव दोघांच्या सहीशिवाय तो निघत नाही.

पाचवी पायरी: शाळा

मूल दत्तक घेतल्यासारखी योजना देणगीदाराला भावते. महिन्याला ठरावीक रक्कम, वर्षातून एक पत्र, एक फोटो. मला ती फारशी रुचत नाही. एकाच वर्गात एकाला "त्याचा साहेब" पैसे पाठवतो आणि शेजारच्याला कुणी नाही, हे मुलांना लागतं. वर्गाला किंवा वसतिगृहाला द्या. एखाद्या मुलीचीच जबाबदारी घ्यायची असेल तर दहावी-बारावीपर्यंत घ्या. आठवीत सोडलेली मदत घरच्यांना लग्नाचं निमित्त देते.

पैसे देण्यापूर्वी सरकारकडून काय मिळतं ते पाहून घ्या. सहा ते चौदा वयाचं शिक्षण हा हक्क आहे. मुलींना एसटीचा पास अहिल्यादेवी होळकर योजनेतून मोफत मिळतो. सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंतची पुस्तकं मिळतात. त्यासाठी देणगी गोळा करण्यापेक्षा अर्ज भरून द्यायला माणूस द्या. उरतं ते खर्चाचं, आणि त्याला कुणी देणगीदार मिळत नाही: रात्रीच्या अभ्यासिकेचे दिवे, गणित-इंग्रजीचा जादा शिक्षक, सॅनिटरी पॅड, चष्मे, वसतिगृहाच्या मावशींचा पगार, मुलींच्या संडासात नळाला पाणी. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. बांधलेला पण कोरडा संडास मी इतक्या शाळांत पाहिलाय की आता इमारत पाहण्याआधी नळ फिरवून बघते.

बीड आणि नगर भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबं निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुलं बरोबर गेली की वर्ष बुडालं. हंगामी वसतिगृहाला मदत करायची तर पैसे सप्टेंबरअखेर पोचायला हवेत. नाताळला पाठवलेली देणगी त्या वर्षाच्या मुलांसाठी उशिराची असते.

मुलांच्या सुरक्षेबाबत संकोच करू नका. वसतिगृहाची नोंदणी, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रार कुणाकडे करायची याचा फलक, मुलींकडे महिला अधीक्षक, हे विचारा. स्वतः भेटीला गेलात तर मुलांचे चेहरे समाजमाध्यमावर टाकू नका, आणि एकट्या मुलासोबत फिरायला जाण्याचा हट्ट धरू नका.

सहावी पायरी: वेळ द्यायचा असेल तर

निवृत्त शिक्षक, बँकेतली माणसं, प्लंबर, विजेचं काम जाणणारे यांची मिशनच्या लहान शाळांना पैशापेक्षा जास्त गरज असते. मात्र आठवडाभर येऊन भिंत रंगवून जाणाऱ्यांचा उपयोग कमी. महिन्यातून एक शनिवार, पण वर्षभर, असं ठरवा. हिशेब जाणणाऱ्याने लेखापरीक्षणाची तयारी करून द्यावी. मोटर दुरुस्त करणाऱ्याने दोन स्थानिक मुलामुलींना हापसा उघडायला शिकवावं. बायका हापसा दुरुस्त करतात तिथे तो लवकर सुरू होतो, कारण पाण्याची घाई त्यांनाच असते.

सातवी पायरी: तिसऱ्या वर्षी परत जा

उद्घाटनाला गेला नाहीत तरी चालेल. काम पूर्ण झाल्यावर तिसऱ्या मे महिन्यात, शक्यतो आधी न कळवता, ते जमत नसेल तर आदल्या दिवशी कळवून, जा. बरोबर वही घ्या. टाकी शेवटची कधी धुतली त्याची तारीख विचारा. पाणी तपासणीचा या वर्षीचा अहवाल मागा. सहावीच्या मुलींची मार्च-एप्रिलची हजेरी पाहा. दुरुस्तीच्या खात्याचं पासबुक पाहा. त्यातून पैसे निघाले असतील तर आनंद माना, म्हणजे कुणीतरी काळजी घेतंय.

मग हापशाकडे जा. अर्धा तास कुणी हापसू नये असं सांगा आणि नंतर स्वतः दांडा धरा. चार-पाच हापक्यांत पाणी आलं तर खालचा व्हॉल्व्ह नीट धरतो आहे. पंधरा-वीस हापके घालावे लागले तर वॉशर झिजलं आहे किंवा पाइपाला गळती आहे, आणि काही महिन्यांत हा पंप बंद पडणार आहे. शेजारच्या भिंतीवर मिस्त्रीचा नंबर रंगवलेला असायला हवा. नसेल तर रंगाचा डबा घेऊन तो लिहा, आणि तिथेच उभं राहून पहिला फोन लावा.